ब्लॉगच्या लेखांमधले फोटो कुठे आणि कसे साठवावेत?

तुमचा प्रश्न असा आहे की एडिटरमध्ये फोटो पेस्ट केला की दिसतो, पण लेख सेव्ह करताना ४१३ एरर (पाठवलेला डेटा मर्यादेपेक्षा मोठा) येतो. मग फोटो डेटाबेसमध्ये ठेवायचे की फोल्डरमध्ये?

एडिटर पेस्ट केलेल्या फोटोचं बेस-६४ (म्हणजे फाइल अक्षरांत लिहायची पद्धत) करून ते थेट मजकुरात घालतो, म्हणून हे होतंय. बेस-६४ मध्ये दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात. ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा मजकूर होऊन सर्व्हरकडे जातो, आणि तिथे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मुळातली मर्यादा १ एमबी आहे. ती वाढवली की एरर जाईल, दुखणं राहील. नुसती लेखांची यादी काढतानाही डेटाबेस ते ओझं ओढत बसेल आणि ब्राउझरला फोटो वेगळा कॅश करता, म्हणजे पुढच्या वेळेसाठी साठवून ठेवता येणार नाही.

फोटो फाइल म्हणून बाहेर ठेवा आणि लेखात फक्त त्याचा नंबर ठेवा. पूर्ण यूआरएलसुद्धा नको.

यूआरएल का नको, तर मी ऐरोलीला राहतो आणि खाडीवर पक्षी बघायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपचा ब्लॉग सांभाळतो. २०२२ मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली तेव्हा सगळ्यांनाच लिहायचा हुरूप आला, लेख भराभर वाढले. प्रत्येक फोटोचा पत्ता डोमेनसकट मजकुरात होता. पुढे स्टोरेज बदललं आणि जुन्या लेखांतले सगळे फोटो एका दिवसात दिसेनासे झाले. फाइली शाबूत होत्या, पत्ते तेवढे चुकीचे झाले होते. आता लेखात [[फोटो:४७१]] एवढंच असतं. पान दाखवताना कोड त्या जागी चित्राचा टॅग तयार करतो.

फोटो निवडल्याबरोबर तो वेगळ्या रिक्वेस्टने अपलोड करा आणि डेटाबेसच्या टेबलमध्ये त्या नंबरसमोर फाइलचं नाव, रुंदी, उंची, कोणी टाकला हे नोंदवा. फोल्डर की एस-थ्री (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) यावर फार डोकं शिणवू नका. एकच सर्व्हर असेल तर फोल्डर चालतो, बॅकअप मात्र हवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याबद्दल मला मनापासून सांगायचंय. फोनवर काढलेल्या फोटोत एक्झिफ नावाची माहिती असते आणि लोकेशन चालू असेल तर त्यात अक्षांश-रेखांशही असतात. आमच्यातल्या एका काकूंनी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात झाडाच्या ढोलीतल्या पिंगळ्याच्या पिल्लांचा फोटो टाकला. लेखात त्यांनी मुद्दाम जागा लिहिली नव्हती. आम्ही मात्र मूळ फाइल जशीच्या तशी दाखवत होतो. दोन दिवसांनी त्या झाडाखाली कॅमेरे घेऊन माणसं उभी होती. तो फोटो मी त्याच संध्याकाळी उतरवला, पण ते माझ्या मनातून जात नाही. तुमच्या ब्लॉगवर पक्षी नसतील, पण लोकांच्या घरातले फोटो असतीलच. म्हणून मूळ फाइल बाहेरून उघडता येणार नाही अशा जागी ठेवा आणि वाचकाला फक्त एक्झिफ काढून टाकलेल्या प्रती द्या. एक्झिफ काढण्याआधी त्यातल्या ओरिएंटेशनप्रमाणे (फोन कसा धरला होता त्या नोंदीप्रमाणे) फोटो फिरवून घ्या, नाहीतर उभे फोटो आडवे होतील. आयफोनचे फोटो बऱ्याचदा हाइक (HEIC) फॉरमॅटमध्ये येतात, क्रोम ते दाखवत नाही; तेही याच वेळी जेपेग किंवा वेबपीमध्ये बदला.

प्रती मी तीन करतो: ४८०, ९६० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या. तिन्ही चित्राच्या टॅगमधल्या सोर्ससेटमध्ये (srcset) दिल्या की ब्राउझर स्क्रीनप्रमाणे हवी ती उचलतो. टॅगमध्ये रुंदी-उंची लिहाच. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने वाचताना फोटो उशिरा आला आणि मजकूर खाली सरकला, की वाचत होतो ती ओळ हरवते. लेझी लोडिंग (वाचक जवळ आला की मगच फोटो आणणं) खालच्या फोटोंना लावा, अगदी वरच्या फोटोला नको.

वापरात नसलेले फोटो साफ करणारा जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम लागेलच, पण तो सावकाश लिहा. माझा पहिला जॉब फक्त प्रसिद्ध झालेले लेख बघायचा, त्यामुळे एकाचे आठवडाभर चाललेल्या ड्राफ्टमधले सगळे फोटो उडाले. आता ड्राफ्ट आणि लेखाच्या जुन्या आवृत्त्याही तपासतो, आणि ३० दिवस कुठेच न सापडलेला फोटोच काढतो.

तुमचे आधी सेव्ह झालेले लेख वाया जाणार नाहीत. डेटाबेसची प्रत घ्या, मजकुरात ‘डेटा:इमेज’ने (data:image) सुरू होणारे तुकडे शोधणारी स्क्रिप्ट लिहा, प्रत्येक तुकड्याची फाइल करून त्या जागी नंबर घाला. आधी एकाच लेखावर चालवून पान डोळ्यांनी तपासा, मग बाकीचे घ्या.