‘तो हल्ली बोलत नाही’ : बांधकाम कामगारांच्या मानसिक आरोग्याबद्दल वाचकांचे प्रश्न

साईटवर काम करणाऱ्यांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत आणि मजकूर मुद्द्यापुरता ठेवला आहे.

प्रश्न : आमच्याकडे एक फिटर आहे. सळईकामात त्याचा हात धरणारा कुणी नाही. गेले तीन आठवडे तो गप्प असतो, उशिरा येतो, रिंगांची मापं दोनदा चुकवली. परवा स्वतःची पक्कड आणि टेप हाताखालच्या पोराला देऊन टाकली आणि म्हणाला, ‘मला आता काय करायचंय.’ आम्ही हसण्यावारी नेलं. त्याला विचारावं का? विचारलं आणि डोक्यात नसलेलंच शिरलं तर? (एक सुपरवायझर)

उत्तर : विचारा, आणि आजच विचारा. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. गप्प राहणं, उशिरा येणं याला शंभर कारणं असू शकतात. पण ज्या हत्यारांवर पोट आहे ती कारागीर सहजासहजी कुणाला देत नाही. ही धोक्याची खूण धरा.

चारचौघांत विचारू नका आणि ऑफिसात बोलावूनही नको. ऑफिसात बोलावलं की ‘हिशेब करून काढून टाकणार’ असाच अर्थ लागतो. सुट्टी झाल्यावर सळई मोजायच्या निमित्ताने सोबत घ्या आणि चालता चालता बोला, म्हणजे नजर चुकवायची त्यालाही सोय राहते. सुरुवात दिसलेल्या गोष्टीपासून करा : ‘तीन आठवडे बघतोय, तू जेवायला आमच्यात बसत नाहीस. परवा पक्कडही देऊन टाकलीस. काय झालंय?’ एवढं बोलून थांबा. मधली शांतता फार लांब वाटेल, ती सल्ल्याने भरू नका. मग सरळ शब्दांत विचारा : ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ ‘काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं, कारण आपल्याला तेच ऐकायचंय हे प्रश्नातच कळतं.

तो ‘हो’ म्हणाला तर आणखी चार गोष्टी विचारायच्या. कसं करायचं ते ठरवलंय का? त्याची तयारी आहे का? कधी करायचं ठरवलंय? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? ठरवलेलं असेल, तयारी असेल, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. साईट ही अशा माणसासाठी मुळातच धोक्याची जागा आहे. त्याला खाली, माणसांत ठेवा. ‘जा, खोलीवर जाऊन पड’ म्हणून पाठवणं ही नेहमी होणारी चूक आहे, कारण दिवसा खोलीवर कुणीच नसतं. त्याच्या विश्वासातला एक माणूस सोबत देऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या, शक्यतो मानसोपचार विभाग असलेल्या. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. नंबर लिहून देऊन मोकळे होऊ नका. तुमच्या फोनवरून लावून द्या आणि तो बोलत असताना जवळपास थांबा.

‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. ‘ज्याला सांगावंच लागेल त्यालाच सांगेन, आणि आधी तुझ्या कानावर घालेन’ एवढं कबूल करा. त्या दिवसाची हजेरी कापू नका. ती कापलीत तर तोंड उघडल्यावर काय होतं हे साऱ्या टोळीला कळेल, आणि पुढचा माणूस तुमच्याशी बोलणार नाही. रुग्णालयात भरती व्हावं लागलंच, तर तिथून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. त्या काळात पहिला आठवडा रोज, नंतर दोन-तीन दिवसांआड, तुम्हीच जाऊन चौकशी करा. त्याने यावं अशी वाट पाहू नका.

प्रश्न : अडीचशे कामगारांची साईट आहे. भित्तिपत्रकं लावली, महिन्यातून दोनदा समुपदेशक येऊन बसतात. चार महिन्यांत दोघेच त्यांच्याकडे गेले. कामगारांना याची गरजच नाही असं समजायचं का? (एक सेफ्टी ऑफिसर)

उत्तर : गरज आहे. अमेरिकेत २०२१ साली काम करणाऱ्या पुरुषांत आत्महत्यांचं प्रमाण दर लाखामागे ३२ होतं, बांधकाम क्षेत्रातल्या पुरुषांत ते ५६ होतं. कामाच्या जागा बदलत राहणं, घरापासून लांब राहणं, पाठ-गुडघ्यांचं जुनं दुखणं, काम संपलं की पुढचं मिळेल का याची धास्ती, ही कारणं कुठल्याही देशातल्या साईटला लागू पडतात.

तुमच्याकडे अडलंय ते खोलीच्या दाराशी. दार सगळ्यांसमोर, वेळ कामाची, बोलायची भाषा परकी, आणि आत बसलेला माणूस कंपनीचा. अशा खोलीत कोण जाईल?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २००८ साली ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ हा उपक्रम सुरू झाला. त्याची मांडणी तुम्हाला उचलता येईल. साईटवरच्या सगळ्यांना साधारण तासाभराची ओळख दिली जाते. त्यातून जे पुढे येतात त्यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मिळतं. अडचणीतल्या माणसाला सुरक्षित ठेवून मदतीपर्यंत पोचवणं एवढंच त्यांचं काम. उपचार करणं किंवा तोडगा काढणं त्यांच्याकडे नाही. त्याहून मोजक्यांना आत्महत्येच्या प्रसंगी कसं बोलायचं याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं. हेल्मेटवरच्या स्टिकरवरून कुणाशी बोलायचं ते दुरूनही कळतं.

अडीचशे लोकांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घेतलेले दहा-बारा जण धरा, दर टोळीत आणि दर भाषेत निदान एक. नेमताना चिठ्ठ्या वाटून विचारा : ‘घरी काही वाईट घडलं तर इथे सगळ्यात आधी कुणाला सांगाल?’ एकच नाव पुन्हा पुन्हा येईल, आणि ते बहुधा तुमच्या मनातलं नसेल. मुकादमाला घेऊ नका. तो चांगला असेलही, पण हजेरी आणि उचल त्याच्या हातात असते. उपठेकेदाराची टोळी उठली की तुमचा प्रशिक्षित माणूसही जातो. हे उपक्रम बहुतेक इथेच बारगळतात. म्हणून दर महिन्याला यादी तपासा आणि नव्या टोळीच्या पहिल्याच आठवड्यात नवा माणूस तयार करा.

सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (काम सुरू करण्याआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत) पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं द्या. विषय एकच घ्या : झोप, दारू, कर्ज, दुखण्याच्या गोळ्या. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्दही काढायची गरज नाही. स्लॅबच्या दिवशी मात्र घेऊ नका, तेव्हा कुणाचंही लक्ष नसतं. समुपदेशकांना खोलीत बसवण्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीत साईटवर फिरू द्या आणि सुट्टीनंतर फोनवर उपलब्ध ठेवा. भित्तिपत्रकावरचा नंबर लावण्याआधी रात्री दहा वाजता स्वतः फिरवून बघा : उचलतात का, कोणती भाषा बोलतात, किती वेळ थांबवून ठेवतात.

आणि पगार ठरल्या तारखेला होतो का, आठवड्याची सुट्टी खरोखर मिळते का, हेही पाहा. मजुरी थकवून मनःशांतीवर व्याख्यान ठेवणाऱ्या साईटला आम्ही काहीच सुचवू शकत नाही. यश मोजायचं तर किती जण खोलीत आले हे मोजू नका. मदतीसाठी पाठवलेल्यांपैकी किती जण दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे गेले ते मोजा. पहिल्या भेटीनंतरच बहुतेक जण गळतात.

प्रश्न : माझे मिस्टर शटरिंगचं काम करतात. नैराश्याच्या गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झाले. सकाळी गुंगी असते, गुण काही नाही, म्हणून बंद करायच्या म्हणतात. पाठीसाठी दुखण्याच्या गोळ्याही घेतात. त्यांनी परांचीवर चढावं का? (एक वाचक)

उत्तर : तूर्त चढू नये. गुंगी आणि चक्कर बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत कमी होते. तोवर खालची कामं मागून घ्यावीत : फळ्या साफ करणं, तेल लावणं, मोजमाप. कारण सांगायचं नसेल तर ‘डॉक्टरांनी उंचीवर मनाई केलीय’ एवढं पुरतं, तशी चिठ्ठी डॉक्टर देतात. गुंगी फार असेल तर गोळी रात्री घेता येईल का, हे त्यांना विचारा.

दहा दिवसांत गुण न दिसणं अपेक्षितच आहे. फरक साधारण दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो, पुरता यायला सहा ते आठ आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही गोळ्या निदान सहा महिने चालू ठेवायच्या असतात. एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेसारखे झटके असा त्रास होतो, आणि चक्कर परांचीवर जिवावर बेतू शकते.

दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. त्यात ट्रॅमाडॉल असेल तर नैराश्याच्या अनेक औषधांबरोबर ते घातक ठरतं, आकडी येऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. बांधकामावर या गोळ्या एकमेकांच्या खिशातून घेतल्या जातात, त्यामुळे डॉक्टरांना त्या ठाऊकच नसतात. उन्हाचीही एक गोष्ट : कुणाला लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असेल तर घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की त्याची रक्तातली पातळी चढते. हाताचा ठळक कंप, उलट्या, जुलाब, तोल जाणं, बोबडी वळणं दिसलं तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालयात.

प्रश्न : आमच्या खोलीतल्या एकाने रोजची दारू एकाएकी सोडली. दुसऱ्या दिवशी हात थरथरत होते, घामाने चिंब. चांगलं केलंय, सवय होईल, असं सगळे म्हणतात. (एक गवंडी)

उत्तर : रोज पिणाऱ्याने एकदम सोडणं धोक्याचं असतं. थरथर आणि घाम ६ ते २४ तासांत सुरू होतात, आकडी पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते, भास आणि भ्रम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. यात माणूस दगावू शकतो. त्याला कामावर नेऊ नका, आज रुग्णालयात न्या आणि शेवटची दारू कधी, रोज किती, हे तिथे नेमकं सांगा. सलाइन लावण्याआधी दारूची गोष्ट सांगितलीच पाहिजे : ग्लुकोज देण्याआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायचं असतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

प्रश्न : परांचीवरून पडून एक जण आमच्या डोळ्यांसमोर गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाला काय पाहिलं ते सांगायला लावलं. काहींना त्यानंतर जास्तच त्रास झाला. (एक साईट इंजिनिअर)

उत्तर : अशी सक्तीची बैठक घेऊ नये. त्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा सोपा आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. काम थांबवा, जागा झाका, काय घडलं ते त्याच तासात खरं खरं सांगा, म्हणजे अफवा उठत नाहीत. प्रत्येकाला घरी फोन करू द्या. बोलायचंय त्याचं ऐका, नाही त्याला सोडा. आणि चौकशीचा माणूस वेगळा ठेवा. जबाब घेणाराच धीर द्यायला आला तर कुणी बोलत नाही.

सर्वाधिक लक्ष तिघांवर : ज्याने त्याला उचललं, ज्याने ती परांची बांधली होती, आणि ज्याची त्या दिवशी तिथे पाळी होती पण अदलाबदल झाली. शेवटचे दोघे स्वतःला दोष देत राहतात. दचकणं, वाईट स्वप्नं, ती बाजू टाळणं हे पहिले काही आठवडे बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू ओसरतं. झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. महिना उलटूनही त्रास तसाच असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे संवादातून होणारे उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणी हाताळण्याची पद्धत) हे त्यावरचे खात्रीचे उपचार आहेत. त्या दिवशी ज्याच्या स्वतःच्या डोक्याला मार बसला असेल, त्याची चिडचिड आणि विसराळूपणा मनाचा मानण्याआधी मेंदूची तपासणी करून घ्या.

पुन्हा वर चढवताना टप्पे ठेवा : आधी फक्त खाली उभं राहणं, मग पहिला मजला सोबतीने, मग नेहमीची उंची थोडा वेळ. कोणत्या टप्प्यावर थांबायचं हे तोच सांगेल, आणि थांबला म्हणून त्याची हजेरी अर्धी मांडायची नाही.