वाचकांचे प्रश्न : वेताळ टेकडीवर पहिल्यांदा जाताना

प्रश्न : आम्ही नुकतेच पुण्यात कोथरूडला राहायला आलो आहोत. पुढील महिन्यात, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, वडिलांची पंचाहत्तरी आहे. त्यानिमित्त त्यांना वेताळ टेकडीवर नेऊन त्यांच्या हस्ते वडाचे रोप लावावे आणि नातीच्या हातून मोरांना दाणे घालावेत, असा विचार आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना वर कसे न्यावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : वडिलांना अवश्य न्या, रोप आणि दाणे मात्र घरीच ठेवा.

ही शहरातील सर्वांत उंच टेकडी असून तिचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फुटांवर आहे. तथापि टेकडीवरच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेपर्यंत डांबरी रस्ता जात असल्याने तिथवर वाहनाने जाऊन पुढे जुन्या दगडखाणीच्या दिशेने बऱ्याच अंशी सपाटीवरून चालता येते. पायवाटांवर सुटा मुरूम असतो आणि चढण्यापेक्षा उतरतानाच पाय घसरतो, म्हणून वडिलांच्या हाती काठी असू द्यावी. खाणीत साठलेले पाणी काठावरूनच पाहावे. नातीचा हात तेथे सोडू नये.

आता रोपाविषयी. टेकडीवरचे गवत ही झाडांअभावी उरलेली मोकळी जागा आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. वास्तविक बेसॉल्ट या काळ्या खडकावरच्या मातीच्या पातळ थरावर टिकणारे गवत आणि त्यात विखुरलेली सालई, गणेर, मोई यांसारखी झाडे हेच या टेकडीचे मूळ रूप असून, चंडोल, टिटवी असे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी अशाच उघड्या माळावर राहतात. टेकडी हिरवी करण्याच्या उत्साहात मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प हे झाड येथे मोठ्या प्रमाणावर लावले गेले. फेब्रुवारीच्या सुमारास त्याला गुलाबी बहर येतो आणि छायाचित्रेही सुरेख निघतात, परंतु त्याच्या दाट सावलीत मूळचे गवत टिकत नाही. (त्याचे ‘उंदीरमारी’ हे दुसरे नाव मला अधिक प्रामाणिक वाटते.) तेव्हा गवत खणून त्यात वड लावणे योग्य नाही, शिवाय वनखात्याच्या जागेत परवानगीवाचून रोप लावताही येत नाही. वडिलांच्या हातून काही व्हावे अशीच इच्छा असेल, तर पुण्यातील टेकड्यांवर नित्य फिरणारी कित्येक मंडळी उन्हाळ्यात करतात तसे, आधीच लावलेल्या एखाद्या रोपाला बाटलीभर पाणी घालण्याचा नेम त्यांनी मार्चपासून धरावा.

मोरांना दाण्यांची गरज नसते. बिया, किडे, सरडे त्यांना टेकडीवरच मिळतात. पहाटे लवकर गेलात आणि हळू आवाजात बोललात, तर नातीला मोर दिसण्याची शक्यता अधिक.

नोव्हेंबरमध्ये गवत वाळलेले असते. लोकरी किंवा जाड सुती मोजे घालू नयेत, कारण त्यांत रुतलेली कुसळे धुऊन निघत नाहीत. घरी येऊन एकेक चिमटीने उपटावी लागतात.