वॅट नंतर बघू, आधी कासवाच्या पाठीवरचं तापमान मोजा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या मुलाकडे सुल्काटा (आफ्रिकेतलं जमिनीवरचं) कासव आहे, दोन वर्षांचं, पाठ साधारण 12 सेंटीमीटर, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेली आहे. राजेंद्रनगरला आमचा फ्लॅट तळमजल्यावर, ऊन जेमतेम येतं. सुताराकडून 4 बाय 2 फुटांची लाकडी पेटी करून घेतली. मागच्या थंडीत त्याने खाणंच सोडलं होतं, कोपऱ्यात पाय ओढून पडून असायचं. आता एक दुकानदार म्हणतो 100 वॅटचा बास्किंग (शेकायचा) बल्ब घ्या, दुसरा म्हणतो 50 चा पुरे, तिसऱ्याने ऊब आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) दोन्ही देणारा बल्ब दाखवला, तो चौपट महाग. महारानी रोडवरचा इलेक्ट्रिकवाला म्हणतो साधा हॅलोजन लावा. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दादा, महारानी रोडवाल्याचं ऐका, पण अर्धंच. हॅलोजन घ्या, फक्त तो फ्लड, म्हणजे पसरट झोताचा असला पाहिजे, स्पॉट नको, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम झालं. स्पॉटचा झोत बारीक असतो, सगळी उष्णता पाठीच्या मधल्या उंचवट्यावर पडते आणि कडा, पाय, मान गारच राहतात. मग कासवाला वाटतं अजून शेकलो नाही, ते तिथेच बसून राहतं, आणि वरचं कवच हळूहळू भाजतं.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. आमच्या कासवाला पहिल्या वर्षी मी दुकानातून 'बास्किंग स्पॉट' लिहिलेला बल्ब आणला होता, 75 वॅटचा, आणि खोक्यावर कासवाचा फोटो आहे म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालले. दीड महिन्याने पाठीवर रुपयाएवढा पांढुरका डाग दिसला, हात लावला तर कोरडा, कडेने पापुद्रा सुटत होता. टेंपरेचर गन मागवली आणि लाल ठिपका त्या डागावर धरला, 52 डिग्री! दोन बोटं खाली कवचाच्या कडेला धरला तर 29. महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात घेऊन गेलो, जखम भरली पण खूण अजून आहे, रोज दिसते मला.

म्हणून वॅट विचारू नका, कारण तोच 75 वॅटचा बल्ब फूटभरावरून भाजतो आणि दोन फुटांवरून नुसता उजेड देतो, त्यात खोली किती गार, पेटीला झाकण आहे की नाही, यानेही फरक पडतो. तुमच्या पेटीला 75 ते 100 वॅटचा 'पार 38' (रुंद तोंडाचा) फ्लड हॅलोजन साखळीला टांगून सुरुवात करा, दीड फुटावर ठेवा, खाली कोटा फरशीचा एक तुकडा टाका, तासभर तापू द्या, मग कासवाच्या पाठीच्या उंचीवर तापमान बघा. 35 ते 38 हवं. पाठीवर गन धरली तर 40 च्या पुढे जायला नको, आणि मधोमध व कडेला आकडे जवळजवळ असले पाहिजेत. जास्त आलं तर साखळीची दोन कडी वर घ्या, कमी आलं तर खाली, पण फूटभराच्या आत आणू नका. डिमर बसवलात तर मार्चमध्ये बल्ब बदलायची गरज नाही, नुसता मंद करायचा. पेटीचं दुसरं टोक मात्र 25–27 वरच राहू द्या, त्याला गरम झालं की तिकडे सरकता आलं पाहिजे. संपूर्ण पेटी एकसारखी तापवणं ही लोकांची दुसरी मोठी चूक, कासवाचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही, ते जागा बदलूनच ती कमी-जास्त करतं.

बरोबर लागलंय हे कासवच सांगतं. सकाळी बल्ब लावला की पाच-दहा मिनिटांत ते येतं, फरशीवर चढतं, मान लांब काढतं, मागचे पाय सैल सोडून पसरतं, असं अर्धा-पाऊण तास, आणि मग उठून खायला जातं. मागच्या थंडीत खाणं बंद झालं त्याचं कारण हेच, शरीर गार असेल तर पचतच नाही, खाल्लेलं पोटात पडून राहतं, त्यामुळे पुन्हा तसं झालं तर पाला तोंडाशी नेऊन आग्रह करू नका, आधी ऊब द्या. नाकातून पाणी किंवा बुडबुडे दिसले तर मात्र थेट डॉक्टर.

आता यूव्हीबी. हॅलोजन नुसतं शेकतो, त्यात उपयोगाचं यूव्हीबी नसतं, आणि ते नसेल तर कातडीत व्हिटॅमिन डी 3 तयार होत नाही, कॅल्शियम कितीही घाला, अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. चौपट महागवाला बल्ब म्हणजे मर्क्युरी व्हेपर, तो दोन्ही देतो हे खरंय, पण त्याला डिमर चालत नाही आणि लाईट गेली की थंड झाल्याशिवाय परत लागत नाही, व्होल्टेज खाली-वर झालं की विझतो, इंदुरात पावसाळ्यात कसं होतं ते तुम्ही जाणताच. मी तरी घेणार नाही. त्यापेक्षा 10 किंवा 12 टक्के यूव्हीबीवाली टी 5 (बारीक) ट्यूब हॅलोजनच्या बाजूला लावा, मध्ये काच नको, प्लास्टिक नको, बारीक जाळीसुद्धा बरंच अडवते. ट्यूब दिसायला चालूच राहते पण आतलं यूव्हीबी संपत जातं, म्हणून बसवलेली तारीख तिच्यावरच पेनाने लिहा आणि वर्षाने बदला.

शिवाय आपल्याकडे खरं ऊन फुकट आहे! नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी 10 च्या पुढे अर्धा-पाऊण तास सोसायटीच्या अंगणात न्या, अर्धी सावली असेल अशा जागी, आणि कोणीतरी सोबत बसा, मांजर-कुत्री असतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन मोजू नका, काच यूव्हीबी अडवते. आणि काचेच्या टाकीत ठेवून उन्हात कधीच नाही, आत काही मिनिटांत भट्टी होते.

वायरिंगचं थोडक्यात : होल्डर चिनी मातीचा, चुडीवाला (बल्ब फिरवून बसवायचा) घ्या, प्लास्टिकचा वितळतो. क्लिपच्या भरवशावर बल्ब ठेवू नका, लाकडाची पेटी आहे, क्लिप निसटली तर आग लागेल. ऑनलाइन मागवताना 230 व्होल्ट लिहिलंय ना बघा, अमेरिकेतले 120 व्होल्टचे इथे लावल्या लावल्या उडतात. टायमरवर 12 तास.

एक राहिलं, हॅलोजनखाली पाठ फार कोरडी पडते, आणि लहान सुल्काटाच्या पाठीवर टेंगळं येतात त्याला हा कोरडेपणा बराच कारणीभूत असतो. आठवड्यातून तीन-चारदा कोमट पाण्यात 15–20 मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खाली, आणि गार टोकाला ओलसर मातीची लपायची जागा करा.

प्रश्न : रात्री लाल बल्ब लावला तर चालतो ना? कासवाला लाल दिसत नाही म्हणतात.
– एक वाचक, देवास

उत्तर : दिसतं, चांगलंच दिसतं, कासवांची रंगांची नजर आपल्यापेक्षा कमी नाही. लाल-निळं काहीच नको, रात्र काळोखी हवी. डिसेंबर-जानेवारीत माळव्यात पारा 10 च्या खाली येतो तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा, लहान कासवाला 20 च्या खाली जाऊ देऊ नका. दिवसा मात्र तो पुरत नाही, हॅलोजनची ऊब उन्हासारखी आत पोचते, सिरॅमिकची वरवर राहते.

प्रश्न : वास्तूसाठी नातेवाईकांनी स्टार कासव दिलंय, त्याला कोणता बल्ब?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : काकू, कोणताच नाही. स्टार कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे, 2019 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद झालाय. वन विभागाला फोन करून त्यांच्या ताब्यात द्या, तोपर्यंत उबदार कोरड्या खोक्यात ठेवा. कोणी म्हणेल सिरपूर तलावात सोडून या, पुण्य लागेल, तसं अजिबात करू नका, ते जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही, बुडून मरेल.