जिप्सीत 1300 चं इंजिन: एमपीएफआय ठेवावं की कार्बोरेटर लावावा?

म्हणजे तुमच्या जुन्या 1000 सीसी जिप्सीत जिप्सी किंगचं 16 व्हॉल्व्ह 1300 चं एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमानं इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणारं) इंजिन टाकायचंय, आणि मिस्त्री म्हणतो, "एमपीएफआयच्या भानगडीत पडू नका, कार्बोरेटर टाकून देतो."

इंजिनचे पैसे देण्याआधी एकच बघा: त्याच गाडीचं वायरिंग अखंड मिळतंय का? ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, रिले, थ्रॉटल बॉडी, सगळं एकाच गाडीचं. मिळत असेल तर डोळे झाकून एमपीएफआय.

मी हे न बघता इंजिन उचललं. भंगारवाल्यानं ईसीएमच्या प्लगपासून चार बोटांवर वायरी छाटलेल्या. "जोडल्या की झालं," म्हणाला. मल्टिमीटर घेऊन एकेक रंग जुळवण्यात माझे चार रविवार गेले. तरी खड्डा आला की गाडी बंद! एक सेन्सर बदलला, पंप बदलला. शेवटी निघालं काय, तर अर्थिंगची वायर रंगावरच कसलेली. पॉलिश पेपरनं पत्रा घासला आणि पाच मिनिटांत दुखणं गेलं.

पेट्रोलच्या लाइनीत मात्र काटकसर नको. कार्बोरेटरला तीन-चार पीएसआय दाब पुरतो, इंजेक्शनला पस्तीस-चाळीस लागतो. जुना रबरी पाइप तेवढ्यानं क्लिपपाशी पाझरायला लागतो, आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट. इंजेक्शनचाच पाइप घ्या, टाकीला रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल परत टाकीत नेणारी) आहे का तेही बघा. टाकीत पंपाभोवती वाटी नसेल तर पेट्रोल कमी असताना चढावर ते एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो.

मिस्त्रीचं एक खरं आहे. रात्री घाटात अडकलात तर कार्बोरेटर खोलून, जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) फुंकून घरी येता येतं. मी आलोय. पण कार्बोरेटर ज्यावर बसतो तो 8 व्हॉल्व्हचा मॅनिफोल्ड 16 व्हॉल्व्हच्या हेडला बसत नाही. अडॅप्टर बनवा, मग जेट बदलत बसा. त्यात आता पेट्रोल पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोच, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. महाबळेश्वरला चढलात की उलटं: हवा विरळ, मिश्रण जाड, प्लग काळे. ऑक्सिजन सेन्सरवालं इंजिन हे आपलं आपण सावरून घेतं, जेटला काय कळणार?

आणि हो, आधी आरटीओची परवानगी काढा (मोटार वाहन कायदा, कलम 52). इंजिनचं बिल जपा, नवा नंबर आरसीवर चढवून घ्या, विमा कंपनीलाही कळवा.

वायरिंग कापलेलंच मिळत असेल तर ते इंजिन सोडा. कार्बोरेटरवालं 8 व्हॉल्व्ह 1300 शोधा. 80 ऐवजी 60 बीएचपी मिळतील, पण तुमच्या मिस्त्रीला ते नीट जमेल.