पानभर नको, ओळभर

अनुलेखन म्हणजे समोरचा मजकूर बघून वहीत उतरवणं. मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांचे त्याबद्दल आलेले हे काही प्रश्न. शब्द वेगळे असले तरी बहुतेकांची तक्रार एकच आहे: रोज लिहून घेतो, तरी अक्षर आहे तिथेच आहे.

प्रश्न: मुलगा सात वर्षांचा आहे. रोज एक पान शुद्धलेखनाला बसवते. पहिल्या दोन ओळी चांगल्या येतात, शेवटच्या ओळी वाचवत नाहीत. पान संपेपर्यंत आम्हा दोघांचाही पारा चढलेला असतो. कुठे चुकतंय?

पानच चुकतंय. पंधरा ओळींच्या पानात त्याने दोन ओळी चांगलं अक्षर काढलं आणि तेरा ओळी वाईट. हाताला वळण लागतं ते जे जास्त वेळा घडलं त्याचं, म्हणजे त्याचा रोजचा सराव चांगला होतोय, फक्त गिचमीड अक्षराचा!

शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1886 साली घरच्या शिक्षणावर लिहिताना सांगून ठेवलंय की लेखनाचा धडा पाच-दहा मिनिटांपलीकडे जाऊ नये आणि त्या वेळात मुलाने काहीतरी एक अगदी नीट करावं. मग ते एक अक्षर का असेना, एक रेघ का असेना. होमस्कूलिंग करणाऱ्यांमध्ये अनुलेखनाचा आज जो बोलबाला आहे, त्यामागे बराचसा त्यांचाच हात आहे. गंमत अशी की त्यांचं नाव घेऊन मुलांकडून पानंच्या पानं लिहून घेणारेही मी पाहिलेत.

तेव्हा उद्यापासून एक ओळ. ती संपली की थांबा, तो आणखी लिहायला तयार असला तरी. लिहून झाल्यावर त्यालाच विचारा, 'यातलं तुझं सगळ्यात झकास अक्षर कुठलं?' आणि त्याभोवती त्यालाच गोल करू द्या. पहिले काही दिवस तो कुठल्याही अक्षराभोवती गोल करेल. मग हळूहळू 'हा क चांगला आहे, पण याची गाठ छोटी झाली' अशी वाक्यं ऐकू यायला लागतात. त्या वाक्यासाठी हा सगळा खटाटोप. स्वतःच्या अक्षरातला दोष दिसायला लागलेल्या मुलाला तुमच्या लाल पेनाची गरज उरत नाही.

माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी मीही दोन वह्या भरून घेतल्या होत्या. त्यातून तिचा वेग तेवढा वाढला. लवकर सुटका व्हावी म्हणून ती भराभर लिहायला शिकली, आणि तो भराभरपणा घालवायला पुढे वर्षभर लागलं.

आता ती एक ओळ लिहायची कशी, ते महत्त्वाचं. शब्द आधी मोठ्याने वाचायचा. मग निरखायचा. मग डोळे मिटून तो डोळ्यांपुढे आणायचा. मग वरच्या मजकुराकडे न बघता लिहायचा आणि शेवटी ताडून बघायचा. हे किचकट वाटेल, पण चार दिवसांत सवय होते. अमेरिकन संशोधिका व्हर्जिनिया बर्निंजर यांच्या गटाने 1997 मध्ये पहिलीतल्या, लिहिताना अडखळणाऱ्या मुलांवर वेगवेगळ्या पद्धती वापरून पाहिल्या. नुसतं बघून उतरवण्यापेक्षा रेघांचा क्रम बाणांनी आणि आकड्यांनी दाखवून, मग अक्षर झाकून आठवणीतून लिहायला लावणं सरस ठरलं. मधला तो 'झाकून' फार कामाचा आहे. मजकूर सतत समोर असला की मूल बघतं कमी आणि उतरवतं जास्त.

प्रश्न: मुलगी आठ वर्षांची. समोर पुस्तक उघडं असूनही 'सूर्य' ऱ्हस्व लिहिते, 'दुधात' दीर्घ लिहिते. बघून लिहितानाही चुका कशा होतात?

कारण ती शब्द लिहीत नाही, चित्र काढते आहे. एकदा तिच्या नकळत तिची मान किती वेळा वर होते ते मोजा. प्रत्येक अक्षराला वर-खाली होत असेल. 'सू' बघितला, उतरवला. 'र्य' बघितला, उतरवला. अशात अर्थ नसतो, उच्चार नसतो, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये उकार गळून पडतो.

तिला शब्दागणिक मान वर करायला शिकवा, जमलं की दोन-दोन शब्दांना. लिहिण्याआधी ओळीतली फसवी जागा तिनेच बोट ठेवून सांगायची: 'इथे दुसरा उकार', 'रफार य च्या डोक्यावर आहे, पण उच्चार आधी होतो'. आणि वाक्य निवडताना जरा लबाडी करा. 'फूल उमललं, पण फुलाला वास नव्हता.' 'दूध तापलं आणि दुधात साय धरली.' मूळ शब्दातला दीर्घ उकार प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो, हा नियम तुम्ही पाठ करून घ्याल तर ती विसरेल. पण अशी आठ-दहा वाक्यं हातातून गेली की एक दिवस तीच विचारेल, 'हे असं का बदलतं?' नियम सांगायची वेळ ती. 'वारा' आणि 'वाऱ्यावर', 'चेहरा' आणि 'चेहऱ्यावर' यांतला चंद्रकोरीसारखा ऱ्य असाच दाखवता येतो. 'सूर्य'मधल्या रफाराशेजारी ठेवला की फरक झटकन दिसतो.

चुकलेल्या शब्दावर फुली मारू नका. त्यावर कोऱ्या कागदाचा छोटा तुकडा चिकटवा आणि बरोबर शब्द त्यावर लिहू द्या. चुकीचं रूप पुन्हा पुन्हा नजरेला पडलं की तेच डोळ्यांत बसतं.

प्रश्न: पाच वर्षांच्या मुलाला ठिपक्यांवरून अक्षरं गिरवायला देतो. त्याला मुळीच आवडत नाही. सक्ती करावी का?

नाही. ठिपक्यांची पानं मोठ्यांना आवडतात, कारण भरलेलं पान काम झाल्यासारखं दिसतं. ठिपक्यांवरून जाताना मुलाचं लक्ष पुढच्या ठिपक्यावर असतं, अक्षराच्या आकारावर नसतं. 2012 मध्ये कॅरिन जेम्स आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं स्वतः काढायला, काही गिरवायला आणि काही कळफलकावर दाबायला दिली. नंतर ती अक्षरं बघताना मेंदूतले वाचनाशी जोडलेले भाग जागे झाले ते स्वतः काढलेल्या, वेड्यावाकड्या अक्षरांच्या वेळी. प्रयोग छोटा होता, पण माझा घरचा अनुभव त्याच बाजूचा आहे.

आधी एवढंच बघा: उभी रेघ, आडवी रेघ, गोल, अधिकची खूण, चौकोन, दोन्ही बाजूंच्या तिरप्या रेघा, फुली आणि त्रिकोण हे आकार तो बघून काढू शकतो का? ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे लिहिण्यासारखी रोजची कामं जमायला मदत करणारे तज्ज्ञ, मुलाची लिहायची तयारी अजमावताना असेच आकार काढून घेतात. त्रिकोण अजून जमत नसेल तर पेन्सिल बाजूला ठेवा. माती, कणीक, कात्री, मणी ओवणं, भिंतीवर ओल्या ब्रशने मोठमोठ्या रेघा चालू द्या.

मग अक्षरं घ्याल ती वर्णमालेच्या क्रमाने घेऊ नका. 'क'पासून सुरुवात करणं म्हणजे पहिल्याच दिवशी अवघड वळण. ग, म, भ, न ही उजवीकडे दंड, म्हणजे उभी रेघ, असलेली एका घरातली. व, ब, क ही त्यांच्या शेजारची, गाठ आणि दंड. ट, ठ, ढ, द यांना दंडच नाही. एका घरातलं एक अक्षर हाताला बसलं की बाकीची निम्मी आलेली असतात.

प्रश्न: मुलगा डावखुरा आहे. लिहिताना वही अगदी विचित्र वळवतो, मान वाकडी करतो. सवय मोडावी का?

वही वळवतोय ते बरोबर करतोय. डावखुऱ्याची वही शरीराच्या मध्यापासून थोडी डावीकडे आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कललेली हवी, म्हणजे वरचा डावा कोपरा उंच. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरली तर आपण काय लिहितोय ते त्याला दिसतं आणि मनगट वरून आकड्यासारखं वळवावं लागत नाही.

मान वाकडी होण्याचं कारण बहुधा तुमच्या वहीत आहे. नमुना ओळीच्या डाव्या टोकाला असेल, तर लिहिताना त्याचा स्वतःचाच हात नमुना झाकतो आणि तो डोकावून बघतो. तयार कित्त्यांच्या वह्या जवळपास सगळ्या उजव्या हातासाठीच छापलेल्या असतात. नमुना ओळीच्या वर लिहा, किंवा उजव्या टोकालाही एकदा लिहा. एवढ्यानेच मान सरळ होते का ते पाहा. हात बदलायला मात्र कधीही लावू नका.

प्रश्न: अनुलेखनाला मजकूर कुठला द्यावा? सुविचार लिहून लिहून मुलगी कंटाळली आहे.

मीही कंटाळले असते. सुविचार लिहिता लिहिता उपदेश ऐकावा लागतो, म्हणजे मुलांना दुप्पट शिक्षा. तिलाच निवडू द्या: आवडत्या कवितेचं एक कडवं, विनोद, कोडं, गोष्टीतला भांडणाचा संवाद. संवादात अवतरणचिन्हं, प्रश्नचिन्हं, उद्गारचिन्हं आपोआप येतात. एक वेगळी 'आवडीची वही' करा, तिच्यात फक्त तिला मनापासून भावलेल्या ओळी. आमच्याकडे त्या वहीत क्रिकेटचा धावफलक होता, राक्षसाच्या तोंडचे शिव्याशाप होते. अक्षर मात्र त्याच वहीत सर्वांत नेटकं होतं.

नमुना शक्यतो तुम्ही हाताने लिहा, तिच्यासमोर. तुमचा हात कुठून निघतो, कुठे वळतो, शिरोरेषा कधी देतो, हे तिला छापील पानावर कधीच दिसणार नाही. तुमचं अक्षर सुंदर नसलं तरी चालेल, सावकाश असावं. संगणकावर छापणार असाल तर आधी ल आणि श तपासा. पुष्कळ फॉन्टांमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची असतात, आणि मूल जे बघेल तेच काढेल.

प्रश्न: मुलगा बारा वर्षांचा, अक्षर बरं आहे. अजूनही बघून लिहायला लावायचं?

अक्षरासाठी नको, भाषेसाठी लावा. अमेरिकन लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी कोवळ्या वयात चांगल्या निबंधांमधल्या प्रत्येक वाक्याचं थोडक्यात टिपण काढलं, ते काही दिवस बाजूला ठेवलं, मग टिपणांवरून निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून मूळ मजकुराशी ताडून पाहिला. बारा वर्षांच्या मुलाला हा खेळ एका परिच्छेदापुरता सहज जमतो. मूळ लेखकाने आपल्यापेक्षा चांगला शब्द कुठे वापरला, आणि क्वचित आपला शब्द कुठे सरस ठरला, हे शोधताना त्याला चेव येतो.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची. तोंडी गोष्ट अर्धा तास रंगवून सांगते, लिहायला बसली की दोन ओळींत हात दुखतो. अक्षरांचा आकार ओळीगणिक बदलतो. अनुलेखन वाढवू का?

वाढवू नका. हात दुखणं, पेन्सिल कागदात रुतेल इतका जोर देणं, बोलणं आणि लिहिणं यांत एवढी दरी असणं हे आळसाचं लक्षण नव्हे. आधी डोळे तपासून घ्या, मग ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. लेखनाची अडचण असलेल्या मुलांना नुसत्या जादा सरावाने फारसं काही मिळत नाही, लिहिण्याची चीड तेवढी बसते.

तोवर तिच्या गोष्टी तुम्ही लिहून घ्या, ती सांगेल तशा. त्यातली एकच, तिला सगळ्यात आवडलेली ओळ तिने उतरवायची. मजकूर लांब फळ्यावर किंवा पडद्यावर नको, लिहायच्या ओळीच्या लगेच वर हवा. दूर-जवळ नजर फिरवण्यातच अशी मुलं निम्मी दमतात. पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले आहेत ना, तेही बघा.

प्रश्न: पेन्सिल की पेन? एकरेघी वही की दुरेघी? पेन्सिल धरायची बरोबर पद्धत कोणती?

सुरुवातीला पेन्सिल, तीही आखूड आणि मऊ शिशाची. खोडरबर आठवड्यातून तीन दिवस कपाटात ठेवा, नाहीतर अर्धा वेळ खोडण्यात जातो.

वही दुरेघी. रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं वरच्या रेघेला लटकतं. म्हणून मुलाला वरची रेघ सांभाळायला सांगा, खालची आपोआप सांभाळली जाते. मात्रा आणि उकारांना वर-खाली पुरेशी मोकळी जागा आहे ना, हे वही आणतानाच पाहा.

पकडीवरून भांडू नका. अंगठा आणि दोन बोटांची पकड चांगली, पण चार बोटांची किंवा अंगठा आडवा टाकलेली पकड असलेली मुलंही तितक्याच वेगाने आणि तितकंच वाचनीय लिहितात, असं अभ्यासांत दिसलंय. हात दुखत नसेल आणि बोटं हलत असतील, तर ती पकड चालेल.