चार वर्षांच्या मुलीला आजोबांच्या मानाने किलोमागे दुप्पट डोस कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी चार वर्षांची, १५ किलोची, आणि फिटसाठी तिला कार्बामाझेपिन दिवसाला ३०० मिग्रॅ. सासरे ६० किलोचे, त्यांना तेच औषध ६०० मिग्रॅ. वजन चौपट, औषध मात्र दुप्पटच. मग बेळगावच्या डॉक्टरांनी मुलीला चुकून जास्त लिहिलं का, आणि खानापुरात बसल्या बसल्या तुम्ही ते निम्मं करावं का?

चूक नाही, आणि निम्मं अजिबात करू नका. फिटचं औषध एकदम कमी केलं तर लागोपाठ फिट येऊ शकतात. मुलीला किलोमागे २० मिग्रॅ पडतंय. या वयात किलोमागे १० ते २० मिग्रॅ हा नेहमीचाच डोस आहे.

कारण यकृतात आहे. मोठ्या माणसाचं यकृत वजनाच्या साधारण २ टक्के, चार-पाच वर्षांच्या मुलाचं ३ टक्क्यांच्या आसपास. त्यात कार्बामाझेपिन मोडणारी एन्झाइम्स या वयात पूर्ण जोमात असतात. त्यामुळे औषध रक्तातून भराभर संपतं. पुढे किलोमागचा डोस उतरत जातो आणि वयात येईपर्यंत मोठ्यांइतका होतो. शिवाय हे औषध स्वतःलाच मोडणारी एन्झाइम्स वाढवतं. म्हणून पहिल्या तीन-चार आठवड्यांत डॉक्टर डोस चढवत नेतात.

चूक होते ती बाटलीपाशी. सिरप ५ मिलीत १०० मिग्रॅ असेल तर तिचा डोस ७.५ मिली, दोन वेळा. पण औषध तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर सुरुवातीला पातळ जातं आणि फिट येते. बाटली संपताना दाट जातं आणि पोर झिंगल्यासारखी चालते. घरचा चमचा कधी ३ मिलीचा, कधी ७. सुई नसलेली सिरिंज वापरा. खोक्यावर कन्नडात 'एरडु सल' लिहिलं असेल तर ते दिवसातून दोनदा, दोन चमचे नव्हे. आणि सासऱ्यांची गोळी सावकाश विरघळणारी असेल तर ती कुटून मुलीला देऊ नका, सगळं औषध एकदम सुटतं.

घसा दुखला म्हणून कुणी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं तर फिटचं औषध चालू असल्याचं आधी सांगा. ही दोन्ही त्याच एन्झाइमला अडवतात. मग कार्बामाझेपिन साचतं: उलट्या, गुंगी, एकाचं दोन दिसणं.

तुम्ही शेवटी विचारलंय, वीस दिवसांच्या धाकट्याला ताप आला तर 'मुलांना जास्तच लागतं' या हिशोबाने पॅरासिटामॉल द्यायचं का? तिथे सगळं उलटं आहे. जन्मानंतर बरीच एन्झाइम्स जागीच झालेली नसतात. कॅफीन मोठ्यांच्या रक्तात ५ तासांत निम्मं होतं, नवजात बाळात त्याला तीन-चार दिवस लागतात. (बाळाच्या ओठाला चहा लावणाऱ्या आज्यांना हे जरूर सांगा.) मूत्रपिंडाची गाळण पहिल्या दोन आठवड्यांत दुप्पट होते, पण मोठ्यांच्या बरोबरीला यायला वर्षभर जातं. म्हणून मूत्रपिंडातून बाहेर पडणारं जेंटामायसिन हे प्रतिजैविक काही नवजातांना २४ नाही तर ३६ तासांनी देतात. क्लोरॅम्फेनिकॉल हे दुसरं प्रतिजैविक बाळाचं यकृत निकामी करून बाहेर टाकू शकत नाही. पूर्वी त्याने बाळं राखाडी पडून दगावली आहेत.

आणखी एक घोळ: पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ असतात, सिरप ५ मिलीत १२० किंवा २५०. सिरपसारखे ५ मिली ड्रॉप्स पाजले तर ५०० मिग्रॅ पोटात जातं. वीस दिवसांच्या बाळाला तर घरात काहीच द्यायचं नाही. या वयात १००.४ फॅरनहाइट म्हणजे ताप, आणि तो रक्तातल्या जंतुसंसर्गाचा असू शकतो. बाळाला अंगाशी धरून, दूध पाजत, रात्र असली तरी तेव्हाच दवाखान्यात न्या.