कॉलेजात असतानाच धंदा सुरू केला तर माणूस खरंच स्वतंत्र होतो का?

नाही. रूमचं भाडं आणि मेसचे पैसे घरून येतात तोवर तर नाहीच. हा प्रश्न विचारताना तुम्ही लिहिलंय, "नोकरी नको, कुणाचं ऐकायचं नाही." अहो, धंद्यात सगळ्यांचंच ऐकावं लागतं.

2018 साली मी पुण्यात थर्ड इयरला होतो. गाव बेदाण्याच्या तासगावजवळ, म्हणून बेदाणा विकायचं ठरवलं. 180 रुपये किलोने 15 किलोच्या 10 पेट्या उचलल्या आणि पाव किलोची पाकिटं केली. फूड लायसन्स सोपं होतं, छोट्या धंद्याला तेव्हा वर्षाला 100 रुपयांत नोंदणी व्हायची. पैशांचं मात्र अवघड. सरकारच्या मुद्रा योजनेतल्या शिशु कर्जाला 50 हजारांपर्यंत तारण लागत नाही हे वाचून बँकेत गेलो होतो, तर साहेब म्हणाले, "वडिलांना घेऊन या." अप्पा बँकेत आले नाहीत. घरीच 40 हजार मोजून दिले आणि वहीत लिहून ठेवले.

अटेंडन्ससाठी सरांच्या मागे फिरायचा मला कंटाळा. त्याऐवजी उधारीसाठी दुकानदारांच्या मागे फिरायला लागलो. "सोमवारी या." कुठला सोमवार ते कुणी सांगत नाही. जुलैत पाकिटांना आतून ओल सुटली, बेदाण्याचे गोळे झाले, 60 किलो माल परत आला. बेदाणा कोल्ड स्टोरेजला का ठेवतात हे तासगावच्या पोराला पुण्यात कळलं! दोन महिने रूमवर रोज शिरा.

मग पाकिटं बंद केली. बेकरीवाल्यांना सुटा माल, तोही रोखीने. 14 महिन्यांत अप्पांना 38 हजार परत दिले. स्वतंत्र वाटलं ते त्या दिवशी, व्हिजिटिंग कार्डं छापली त्या दिवशी नाही.

आमचा दादा अजूनही प्रत्येक लग्नात सांगतो, "अप्पांच्या पैशावर उड्या मारल्या यानं." दादा तीन वर्षं पुण्यात एमपीएससी करत होता. क्लास, अभ्यासिका, मेस, सगळं अप्पांचंच. ते कुठल्या वहीत आहे? त्याची ती तयारी आणि माझ्या त्या उड्या. तेव्हा घरून पैसे घ्यायला लाजू नका, फक्त लिहून घ्या आणि भावालाही लिहायला लावा.

हां, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असेल किंवा घरी 40 हजार बुडाले तर चूल अडणार असेल, तर माझं ऐकू नका. आधी नोकरी बघा.

माझ्या नावावर वहीत 2 हजार अजून बाकी दिसतात. दिवाळीला देणार आहे, दादासमोर.